बेडकांच्या खंदकावरच्या पेढ्या

आपल्याकडे ‘स्विस बँक’ हा शब्द एकवचनीं वापरण्याचा प्रघात पडला आहे. एखाद्या मंत्र्याच्या किंवा बड्या अधिकाऱ्याच्या लांचलुचपतीची बातमी वर्तमानपत्रांत आली, कीं चहाच्या वेळीं घरांतील वडील मंडळी “त्याचा पैसा केव्हांच स्विस बँकेंत गेला असेल” असें म्हणून मोकळी होतात, आणि ऐकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढें बर्फाच्या डोंगराखालीं खोदलेलें एक प्रचंड भुयार उभें राहतें. वास्तविक अशी एक बँक त्या देशांत नाहीं. तेथें आजमितीस दोनशेंहून अधिक बँका आहेत. त्यांत खेड्यापाड्यांतील सहकारी पतपेढ्या आहेत, प्रांतिक सरकारांच्या बँका आहेत, आणि सगळ्या जगाचा व्यवहार पाहणाऱ्या मोठ्या पेढ्याही आहेत. ‘स्विस बँक कॉर्पोरेशन’ ह्या नांवाची एक बँक मात्र खरोखरच होती. परंतु १९९८ सालीं ती दुसऱ्या एका मोठ्या बँकेशीं एक होऊन तिचें ‘यू. बी. एस.’ असें नवें नांव झालें.

स्वित्झर्लंडास जाणारे आपले बहुतेक प्रवासी युंगफ्राऊचें बर्फ पाहतात, सरोवरांतून नौकेनें फिरतात, घड्याळें व चॉकलेटें घेतात आणि परत येतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. सृष्टिदेवतेनें त्या देशाला देतांना हात आखडला नाहीं हें खरेंच आहे. परंतु ज्या एका गोष्टीमुळें त्या देशाचें नांव आपल्या घरोघर पोंचलें, ती पाहण्यास सहसा कोणी जात नाहीं. कारण ती दिसत नाहीं. न दिसणें हाच तिचा धर्म. तरीही ती जेथें नांदते ते रस्ते, ते चौक आणि त्या इमारती पाहतां येतात, व तेथें उभें राहून तिचा इतिहास आठवला म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. वाचकांस त्या वाटेनें थोडें फिरवून आणावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

झुरिचच्या मुख्य स्थानकांतून बाहेर पडलें, कीं समोरच एका कारंज्यावर आल्फ्रेड एशर ह्या गृहस्थाचा पुतळा दिसतो. एकोणिसाव्या शतकांतील झुरिचचा हा कर्ता पुरुष. आगगाडीचे मार्ग घालावयाचे, परंतु भांडवलासाठीं परक्या सावकारांच्या दारीं तिष्ठत बसावयाचें नाहीं, म्हणून त्यानें १८५६ सालीं एक पेढी काढली. तीच पुढें ‘क्रेडिट स्वीस’ ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली. आल्प्स पर्वताच्या पोटांतून जाणारा गोटहार्डचा लोहमार्ग १८८२ सालीं खुला झाला, त्याच्या उभारणींतही ह्याच गृहस्थाचा पुढाकार होता. तात्पर्य, ह्या पेढ्यांचा जन्म चोरांचा माल सांभाळण्यासाठीं झालेला नाहीं. देशाच्या दारिद्र्यावर उपाय म्हणून कष्टाळू व हिशेबी लोकांनीं त्या उभ्या केल्या, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेविली पाहिजे. नाहीं तर पुढील कथेंतील खेद आपणांस कळणार नाहीं.

पुतळ्यापासून सरोवरापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचें नांव बानहोफस्ट्रासे, म्हणजे निव्वळ ‘स्टेशन-रस्ता’. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गांवीं शोभावें असें हें साधें नांव. पण जगांतील अत्यंत महागड्या बाजारपेठांत ह्या रस्त्याची गणना होते. लांबी दीड किलोमीटरहून थोडी कमीच. रमतगमत चाललें तरी घटकाभरांत तो संपतो. दोहों बाजूंस लिंडेन वृक्षांच्या रांगा, मधून धांवणाऱ्या निळ्या-पांढऱ्या ट्राम, आणि मोटारींची वर्दळ जवळजवळ नाहींच. पूर्वीं येथें शहराच्या तटाचा खंदक होता. त्यांत बेडकांचा इतका सुळसुळाट असे, कीं लोक त्याला ‘बेडकांचा खंदक’ असेंच म्हणत. १८६४ सालीं तो बुजवून त्यावर हा रस्ता केला. अर्ध्याहून थोडी अधिक वाट चालून गेल्यावर पाराडेप्लाट्झ हा चौक लागतो. स्विस पेढीव्यवसायाचें मर्मस्थान म्हणून आज तो ओळखला जातो. सतराव्या शतकांत मात्र तेथें डुकरांचा बाजार भरत असे.

ह्या चौकांत उभें राहिलें म्हणजे नवख्या माणसाचा थोडा हिरमोड होतो. सोन्याच्या राशींचा कोठेंही मागमूस नाहीं. करड्या दगडाच्या भारदस्त इमारती, दाराशीं बेताच्या पाट्या, आणि आंतबाहेर ये-जा करणारीं काळ्या कोटांतील अबोल माणसें. कोंपऱ्यावर १८५९ सालापासूनचें एक मिठाईचें दुकान आहे. गर्दी काय ती तेथें. ज्या वस्तूला कुलुपें लागतात ती ह्या इमारतींत असेलही. परंतु जिच्यामुळें ह्या चौकाची कीर्ति झाली ती वस्तु कुलुपांत नाहीं. ती कायद्याच्या पुस्तकांत आहे.

पेढीवाल्यानें गिऱ्हाइकाचा व्यवहार चारचौघांत बोलूं नये, हा नियम सर्वच देशांत आहे. आपल्याकडील सराफ-सावकारही तो पाळीत आले आहेत. स्वित्झर्लंडानें निराळें केलें तें इतकेंच, कीं ह्या सभ्यतेच्या नियमाला फौजदारी कायद्याची धार लावली. १९३४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तेथील संघराज्यानें बँकांविषयीं कायदा केला. त्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणें गिऱ्हाइकाचें गुपित फोडणारा बँकेचा नोकर केवळ नोकरीसच मुकत नाहीं, तर तुरुंगवासासही पात्र होतो. मूळ शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची होती. आज ती तीन वर्षांपर्यंत आहे. सर्वसाधारण न्याय असा, कीं चोरी पाहून जो गप्प बसला तो दोषी. येथें जो बोलला तो दोषी ठरूं लागला.

ह्या कायद्याविषयीं एक कथा सर्वत्र सांगतात. हिटलरच्या अमलाखालीं गांजलेल्या ज्यू लोकांच्या ठेवींचें रक्षण व्हावें म्हणून तो केला, अशी ती कथा. ती मोठी हृद्य आहे. परंतु इतिहास निराळें सांगतो. १९३२ सालच्या ऑक्टोबरांत फ्रेंच पोलिसांनीं बाझल येथील एका बँकेच्या पॅरिसमधील कचेरीवर छापा घातला. तेथें सांपडलेल्या कागदांत कर चुकवून पैसा स्वित्झर्लंडांत ठेवणाऱ्या शेंकडों प्रतिष्ठित फ्रेंच लोकांचीं नांवें निघालीं. त्यांत कायदेमंडळाचे सभासद होते, सेनापति होते, धर्मगुरूही होते. फ्रान्सनें त्या बँकेचीं स्वित्झर्लंडांतील पुस्तकें पाहण्याचा आग्रह धरला आणि स्विस सरकारनें तो फेटाळला. ठेवीदारांत घबराट उडाली. त्यांतच जागतिक मंदीनें कित्येक बँका डबघाईस आल्या होत्या. अशा वेळीं बँकांवर देखरेख ठेवणारा जो कायदा झाला, त्यांत गुप्ततेचें कलमही आलें. धाक होता तो श्रीमंतांच्या ठेवी निघून जाण्याचा.

आणि ज्यांच्या नांवानें ती हृद्य कथा सांगतात, त्यांचें पुढें काय झालें? अनेक ज्यू कुटुंबांनीं खरोखरच ह्या बँकांवर विश्वास टाकून आपली पुंजी तेथें ठेविली होती. पुढें तीं माणसें छळछावण्यांत मारलीं गेलीं. युद्ध संपल्यावर त्यांचे मुलगे, पुतणे, भाचे बँकांच्या दारीं आले, तेव्हां कित्येकांना उत्तर मिळालें, कीं खातेदाराच्या मृत्यूचा दाखला आणा. छळछावणींत मेलेल्याचा दाखला कोण देणार? परक्यांपासून रक्षण करण्यासाठीं म्हणून उभारलेली भिंत घरच्या वारसांच्याच आड आली. अर्ध्या शतकानंतर, १९९८ सालच्या ऑगस्टांत, तेथील दोन मोठ्या बँकांनीं १२५ कोटी डॉलर देण्याचें कबूल करून हा वाद मिटविला. तोंपर्यंत मूळचे दावेदार बहुतेक म्हातारे झाले होते किंवा निवर्तले होते. ज्याचा हक्क खरा त्याला गुप्तता अडवते, आणि ज्याचा हक्क खोटा त्याला ती आसरा देते, असें कां व्हावें, हा प्रश्न येथून पुढें आपली पाठ सोडीत नाहीं.

त्याचें उत्तर शोधतांना मला आपल्याच धर्मशास्त्रांतील ठेवीच्या विचाराची आठवण झाली. दाखवून व मोजून दिलेली ठेव तिला निक्षेप म्हणतात. आणि पेटींत घालून, मोहोर करून, आंत काय आहे तें न सांगतां ठेवावयास दिलेली ती उपनिधि. याज्ञवल्क्यस्मृतींत उपनिधीचें स्वतंत्र प्रकरण आहे, व ती जशीच्या तशी परत करावी असा तेथील दंडक आहे. स्विस बँकांतील प्रसिद्ध ‘नंबरी खातें’ म्हणजे एका दृष्टीनें ही उपनिधीच होय. त्या खात्याचा धनी बँकेला ठाऊकच नसतो अशी जी समजूत आहे ती बरोबर नाहीं. चार वरिष्ठ अधिकाऱ्यांना तो ठाऊक असतो, बाकीच्या कारकुनांपुढें मात्र केवळ आंकडा किंवा टोपणनांव येतें. येथवर शास्त्राला बाध नाहीं. परंतु त्याच धर्मशास्त्रांत मनूनें चोराला अन्न, शस्त्र व थारा देणाऱ्यास आणि चोरीचा माल ठेवून घेणाऱ्यास चोराचीच शिक्षा सांगितली आहे. हे दोन्ही नियम एकदम पाळावयाचे, तर पेटी हातांत घेणाऱ्यानें निदान एक प्रश्न विचारलाच पाहिजे: “बाबा, ही पेटी तुझीच ना?” स्टेशन-रस्त्यावर कित्येक दशकें हा प्रश्न विचारण्याची चाल नव्हती. न विचारण्याचा परिणाम काय झाला, तें एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

१९६८ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस एशरनें स्थापिलेल्या त्याच पेढींत विल्यम साँडर्स ह्या नांवानें खातें उघडलें गेलें; दुसऱ्या दिवशीं जेन रायन ह्या नांवानें आणखी. हीं नांवें केवळ कागदावरचीं होतीं. खरीं माणसें म्हणजे फिलिपीन्स देशाचा राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस आणि त्याची पत्नी इमेल्डा. सहीच्या नमुन्याच्या कागदावर दोघांनीं आपली खरी सही आणि तिच्याखालीं खोटी सही, अशा दोन्ही केल्या होत्या. हे कागद पुढें त्यांच्याच राजवाड्यांत सांपडले. मार्कोस १९६५ च्या अखेरीस अधिकारावर आला आणि १९८६ पर्यंत राहिला; त्यांतील कित्येक वर्षें त्यानें लष्करी कायद्याखालीं राज्य केलें. एवढ्या काळांत ह्या जोडप्याचें दोघांचें मिळून कायदेशीर वेतन किती झालें, ह्याचा हिशेब पुढें त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें मांडला. तो ३,०४,३७२ डॉलर भरला. आणि स्विस बँकांत त्यांची म्हणून जी रक्कम १९८६ सालीं अडकवून ठेवण्यांत आली, ती होती सुमारें ३५ कोटी ६० लक्ष डॉलर. म्हणजे वेतनाच्या अकराशें पटींहून अधिक. ह्या आंकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं.

टोपणनांवाची युक्ति लौकरच जुनी झाली व तिच्या जागीं अधिक नामी युक्ति आली. ती समजण्यासाठीं झुरिचहून थोडा प्रवास करावा लागतो. पूर्वेकडे जाणारी आगगाडी प्रथम झुरिचच्या सरोवराच्या कांठाकांठानें धांवते, मग वालेनझे नांवाचें दुसरें, अरुंद व गंभीर सरोवर लागतें. त्याच्या पलीकडच्या तीरावर कडे सरळ पाण्यांतून वर चढलेले दिसतात. तास-दीडतासानें झार्गान्स हें स्टेशन येतें. तेथें उतरून बस घ्यावयाची आणि ऱ्हाइन नदी ओलांडावयाची, कीं आपण लिख्टेनश्टाइन ह्या चिमुकल्या राज्यांत येतों. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, वस्ती सुमारें चाळीस हजार. राजधानी फाडुट्स, तिला स्वतःचें रेल्वे-स्टेशनही नाहीं. डोंगराच्या खांद्यावर राजाचा जुना गढीवजा वाडा, खालीं द्राक्षांचे मळे, आणि एका दुपारांत पायीं पाहून होईल एवढें गांव.

ह्या गांवांत वकिलांच्या कचेऱ्या पुष्कळ. १९२६ सालच्या येथील एका कायद्यानें ‘प्रतिष्ठान’ काढणें फार सोपें केलें. आपल्याकडे प्रतिष्ठान म्हटलें कीं धर्मादाय, अन्नछत्र किंवा विद्यार्थ्यांचें वसतिगृह डोळ्यांपुढें येतें. येथील प्रतिष्ठान तसलें असलेंच पाहिजे असें नाहीं. तो पैशाला घातलेला एक मुखवटाही असूं शकतो. चालक म्हणून एखाद्या वकिलाचें नांव असतें; पैसा शेवटीं कोणाच्या पदरांत पडावयाचा, तें निराळ्या कागदावर लिहून तो कागद वकिलाच्या कपाटांत राहतो. मग ह्या प्रतिष्ठानाच्या नांवानें झुरिचमध्यें खातें उघडावयाचें. बँकेच्या पुस्तकांत आतां खोटें नांव नाहीं, नोंदणी झालेली खरीखुरी संस्था आहे! १९७० सालच्या मार्चांत मार्कोससाठीं ‘झँडी’ नांवाचें असें एक प्रतिष्ठान फाडुट्स येथें निघालें, आणि पुढें आणखी कित्येक निघालीं. ह्यांतील प्रत्येक पायरीवर बसलेला माणूस सभ्य होता. वकिलानें कायद्याप्रमाणें कागद केले, कारकुनानें नियमाप्रमाणें खातें उघडलें, अधिकाऱ्यानें कलमाप्रमाणें मौन पाळलें. कोणीही तिजोरी फोडली नाहीं; आणि तरीही सात समुद्रांपलीकडच्या गरीब देशाची तिजोरी रिकामी झाली.

१९८६ सालच्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस प्रजेच्या उठावापुढें मार्कोस कुटुंब मनिलाहून पळालें. महिन्याभरांतच, २४ मार्च रोजीं, मार्कोसचें मुखत्यारपत्र घेऊन एक गृहस्थ झुरिचला बँकेंत हजर झाला. पैसे हलविण्याचा तो प्रयत्न होता. परंतु त्याच दिवशीं स्विस सरकारनें एक अभूतपूर्व हुकूम काढला आणि मार्कोसची सर्व संपत्ति जागच्या जागीं गोठविली. परदेशाच्या पदच्युत सत्ताधीशाविरुद्ध सरकारनें होऊन असें पाऊल टाकण्याची तेथील ही पहिलीच वेळ. त्याबद्दल त्या सरकारचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे.

पण गोठविणें निराळें आणि परत देणें निराळें. त्यानंतर अपिलांमागून अपिलें झालीं. मार्कोस स्वतः १९८९ सालीं होनोलुलू येथें वारला, तरी दावे चालूच राहिले. १९९७ च्या डिसेंबरांत स्विस सर्वोच्च न्यायालयानें तो पैसा मनिलांतील एका बँकेंत अनामत म्हणून पाठविण्यास संमति दिली. २००३ च्या जुलैंत फिलिपीन्सच्या न्यायालयानें तो सरकारजमा केला. आणि २००४ सालीं व्याजासह ६८ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम त्या देशाच्या खजिन्यांत पडली. खातें उघडावयास दोन दिवस पुरले होते; तेथपासून पैसा परतेपर्यंत ३६ वर्षें लागलीं. मार्कोसच्या राजवटींत ज्यांचा छळ झाला किंवा ज्यांचीं माणसें मारलीं गेलीं, त्यांच्या भरपाईसाठीं ह्या पैशांतून १,००० कोटी पेसो राखून ठेवणारा कायदा २०१३ सालीं झाला, व ११,१०३ लोकांचे हक्क मान्य झाले. पुढें २०२२ सालीं मार्कोसचाच मुलगा निवडून येऊन त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, हाही इतिहासाचा एक विचित्र खेळ!

इतका विलंब कां लागतो? त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. पैसा परत मागणाऱ्या देशानें आपल्या न्यायालयांत गुन्हा शाबीत करावा, मग आम्ही पैसा देऊं, असा सामान्य नियम. तो वरवर पाहतां रास्तच आहे. परंतु ज्यानें वीस-तीस वर्षें देश लुटला, त्यानें न्यायाधीश नेमलेले असतात, दप्तरें जाळलेलीं असतात, साक्षीदार भ्यालेले असतात. कांगोचा मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षें सत्तेवर होता. त्याचे सुमारें ७७ लक्ष फ्रँक स्वित्झर्लंडांत गोठविले गेले. कांगोच्या सरकारकडून खटला नीट चाललाच नाहीं, मुदत टळली, आणि २००९ सालीं ते पैसे मोबुटूच्याच वारसांना द्यावे लागले.

हैतीच्या दुव्हालियेची गोष्ट तर अंगावर कांटा आणणारी आहे. १९८६ सालीं तो पळाला. त्याचे सुमारें साठ लक्ष डॉलर झुरिच-जिनीव्हाकडे अडकले होते. मुदत संपल्यामुळें ते हैतीला देतां येत नाहींत, असा निकाल स्विस सर्वोच्च न्यायालयानें दिला; त्या निकालावर तारीख आहे १२ जानेवारी २०१०. त्याच दिवशीं हैतींत भयंकर भूकंप होऊन लक्षावधि लोक मृत्युमुखीं पडले किंवा निराधार झाले. ह्या योगायोगानें स्विस लोकांचेंही मन हललें. सरकारनें ते पैसे पुन्हां अडकवून ठेविले आणि त्याच वर्षीं कायदेमंडळानें नवा कायदा केला. राज्ययंत्रणा कोलमडलेल्या देशाच्या सत्ताधीशाचें धन त्याच्या मिळकतीशीं अगदींच विसंगत असेल, तर तें प्रामाणिकपणें मिळविल्याचें त्यानें दाखवावें, अशी ह्या कायद्याची दिशा होती. म्हणजे “पेटी तुझीच ना?” हा प्रश्न अखेर कायद्याच्या पुस्तकांत आला. नायजेरियाचा लष्करी सत्ताधीश सानी अबाचा १९९८ सालीं वारला; त्यानें लुटलेल्या द्रव्यापैकीं सुमारें ५० कोटी डॉलर स्वित्झर्लंडानें २००५ च्या सुमारास परत केले, आणि २०१७ च्या करारान्वयें आणखी सुमारें ३२ कोटी. दुसऱ्या वेळीं तो पैसा नव्या चोरांच्या हातीं पडूं नये म्हणून जागतिक बँकेच्या देखरेखीखालीं अत्यंत गरीब कुटुंबांना थोडथोडा वांटावा, अशी अट घातली होती.

आपल्या देशाचाही ह्या रस्त्याशीं संबंध आला आहे. १९८६ सालीं भारतानें स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० तोफा घेण्याचा करार केला. त्यांत दलाली दिली गेल्याचें स्वीडनच्या आकाशवाणीनें १९८७ च्या एप्रिलांत जाहीर केलें. १९९० सालीं भारतानें स्विस न्यायखात्याकडे रीतसर मदत मागितली, आणि खातेदारांचीं अपिलें संपून कागदपत्रें हातीं आलीं तीं १९९७ च्या जानेवारींत. केवळ कागद पाहावयास सात वर्षें! तोंवर आरोप, प्रत्यारोप व निवडणुका ह्यांच्या धुरळ्यांत मूळ प्रश्न पुष्कळसा हरवला होता.

अलीकडे ह्या भिंतींना खिंडारें पडलीं आहेत. १९८४ सालीं गुप्तता सैल करावी कीं काय असा प्रश्न स्विस मतदारांपुढें आला, तेव्हां शेंकडा ७३ लोकांनीं ‘नको’ म्हणून सांगितलें होतें. परंतु २००९ सालीं अमेरिकेनें यू. बी. एस. बँकेस ७८ कोटी डॉलर भरावयास लावले व खातेदारांचीं नांवें मिळविलीं; तेव्हांपासून वारा फिरला. आतां परदेशी खातेदारांची माहिती दरसाल आपोआप त्यांच्या देशांच्या करखात्यांकडे जाते. भारताला अशी माहिती प्रथम २०१९ सालच्या सप्टेंबरांत मिळाली. आणि एशरची पेढी? एकामागून एक निघालेल्या भानगडींनीं व तोट्यांनीं तिच्यावरील विश्वास उडाला, ठेवीदारांनीं पैसे काढून घेतले, आणि १९ मार्च २०२३ रोजीं ती प्रतिस्पर्धी यू. बी. एस. बँकेच्या पदरांत टाकावी लागली. जिनें लोहमार्ग बांधले ती १६७ वर्षांची संस्था अशा रीतीनें संपली. ४७ वें कलम मात्र अद्याप पुस्तकांत आहे. आणि चोरीच्या पैशानेंही दुसऱ्या वाटा शोधल्या आहेत. समुद्रांतील लहान बेटांवर नोंदलेल्या नांवापुरत्या कंपन्या, मोठ्या शहरांतील रिकामे महाल, जकात नसलेल्या गुदामांत ठेविलेलीं चित्रें, हीं आजचीं नंबरी खातीं होत.

परंतु हें सर्व आपणांस अगदींच नवें आहे काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा ग्रंथ १९०९ सालीं म्हैसूर येथें छापून निघाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत अधिकाऱ्यांच्या अपहाराचा विचार आहे. तेथें कृपण अधिकारी धन कोठें दडवितो ह्याच्या तीन जागा सांगितल्या आहेत: स्वतःच्या घरांत, नगरांतील व खेड्यांतील लोकांपाशीं, किंवा परराज्यांत. आणि उपाय म्हणून सांगितलें आहे, कीं हेरानें त्याचे मित्र, नोकर व आप्त कोण आहेत तें पाहावें, आणि द्रव्य कोठून येतें व कोठें जातें ह्याचा माग काढावा. आधुनिक तपासखात्यांना ह्याहून निराळें कांहीं करावें लागत नाहीं. फरक इतकाच, कीं कौटिल्यानें परराज्य हें शत्रूचें मानलें होतें. मित्रराष्ट्रांतील सभ्य पेढीवाले हें काम व्यवसाय म्हणून करतील, ही कल्पना त्या धूर्त पुरुषालाही शिवली नसावी.

गुप्तता ही मुळांत वाईट वस्तु नव्हे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हें सांगावें लागत नाहीं. घरांत कोणावर किती कर्ज आहे, कोणत्या मुलीच्या लग्नाला कोणी किती दिलें, कोणत्या विधवा आत्याच्या नांवानें काय बाजूला ठेविलें आहे, ह्या गोष्टी दाराबाहेर जाऊं नयेत, हें कुलीनतेचें लक्षणच आहे. पण त्याच घरांत दुसरीही एक रीत असते. जो घराचा व्यवहार पाहतो त्याची वही बाहेरच्यांना बंद असली, तरी घरांतल्यांना उघडी असते. कर्त्यानें सामाईक पैसा स्वतःच्या निराळ्या पेटींत टाकला, तर ती पेटी खाजगी राहत नाहीं; भावांना ती उघडून पाहण्याचा हक्क येतो. देशाच्या अधिकाऱ्याचें तेंच आहे. त्याचा पगार त्याचा खाजगी. सामाईक तिजोरींतून गेलेला पैसा कधींही खाजगी होत नाहीं, मग तो झुरिचला जावो कीं फाडुट्सला. स्वित्झर्लंडच्या कायद्याची चूक गुपित राखण्यांत नव्हती. सामाईक वहीला खाजगी वही समजून तिचें त्यानें रक्षण केलें, ही त्याची चूक होती.

स्टेशन-रस्ता जेथें संपतो तेथें सरोवराच्या कांठीं मंगळवारीं व शुक्रवारीं सकाळीं भाजीबाजार भरतो. आसपासच्या गांवचे शेतकरी मुळे, सफरचंदें, चीज व फुलें घेऊन येतात. आभाळ स्वच्छ असलें म्हणजे पाण्यापलीकडे हिमशिखरांची रांग दिसते. एका म्हाताऱ्या बाईकडून मीं चार सफरचंदें घेतलीं. तिनें पैसे घेतले, मोजले, उरलेलीं नाणीं माझ्या तळहातावर एकेक करून ठेविलीं, आणि हिशेब बरोबर आहे ना, अशा दृष्टीनें माझ्याकडे पाहिलें. पाठीमागें पेढ्यांची रांग होती. देवघेवीचा हा उघडा, समोरासमोरचा प्रकार त्या पेढ्यांहून कितीतरी जुना आहे. आणि अंगणांतील त्या बाजारास ह्या व्यवहारासाठीं कोणत्याही कलमाची गरज पडत नव्हती.